अमर्याद म्हणजे नक्की किती?

नवी नोकरी मिळाल्याचा आनंद आमच्या घरात चहा गार होईपर्यंतही टिकला नाही. मी बातमी सांगितली, बायको "अरे वा!" म्हणाली आणि मी कपाला हात लावायच्या आत तिने विचारलं, "आणि माझ्या गुडघ्याचं काय?"

बायकोचा डावा गुडघा बदलायचा होता. ती शाळेत गणित शिकवते. वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून मुलांना अपूर्णांक शिकवता शिकवता आपल्या गुडघ्याचाच अपूर्णांक झाला, असं तिचं म्हणणं. शाळेला मोठी सुट्टी लागली की लगेच ऑपरेशन, असं ठरलं होतं. ही तारीख हलवली असती तर गोष्ट थेट पुढच्या वर्षावर गेली असती, आणि तोपर्यंत जिना चढताना ती ज्या आवाजात श्वास घेते तो ऐकायची माझी तयारी नव्हती. सर्जन मोजकं बोलणारा माणूस. त्याने गुडघ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नंतर तीन आठवडे घरात कोणीतरी पाहिजे. पूर्ण वेळ."

आता हे कोणीतरी म्हणजे कोण? मुलगा परदेशात असतो आणि आईची काळजी दर रविवारी व्हिडिओवरून घेतो. मेहुणी एका पायावर तयार होती. पण मागच्या खेपेला ती राहायला आली तेव्हा तिने आमच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते, आणि त्यानंतर बरेच दिवस आम्ही चहात साखर समजून काय काय घातलं ते आठवायची इच्छा नाही. "ती येणार असेल तर मी हाच गुडघा वापरते," असं बायकोने जाहीर केलं.

"मला तुम्ही घरात हवे आहात," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झालीत की असली वाक्यं आमच्या घरात सहसा प्लंबरबद्दल बोलली जातात. त्यामुळे मी हललोच. मी म्हटलं, "असेन. शब्द देतो."

शब्द देणं हा तसा माझा धंदाच आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा असलं काहीही विकत घेतलं की खोक्यात तळाशी एक माहितीपुस्तिका असते, जी तुम्ही खोक्यासकट माळ्यावर टाकता. ती मी लिहितो. 'ओल्या हातांनी स्पर्श करू नये' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलंय तितक्या वेळा कोणी स्वतःचं नावही लिहिलं नसेल. जुन्या कंपनीत मी इस्त्र्यांवर होतो. तिथे रजा मागायला गेलं की साहेब असा चेहरा करायचे, जणू मी त्यांची किडनी मागतोय. नवी कंपनी वॉशिंग मशीनची होती, मोठी होती, काचेची होती. रुजू व्हायची तारीख ऑपरेशनच्या जेमतेम महिनाभर आधीची होती. म्हणजे नोकरी घेतानाच पगारी रजा ठरवून घेणं भाग होतं.

"त्यात काय अवघड आहे?" बायको म्हणाली. "सरळ सांगा, बायकोचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे रजा लागेल."

मी तसंच सांगितलं असतं. अगदी खरं सांगतो, सांगितलं असतं. पण जिन्यात मला कलमकाका भेटले.

कलमकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर कुठल्याशा मोठ्या कारखान्यात ते कामगारखात्याचे अधिकारी होते, आणि निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या पार्किंगपासून पाळीव मांजरापर्यंत प्रत्येक गोष्टीला ते नियमाचं एखादं कलम लावतात. माणूस मदतीला तत्पर. नको म्हटलं तरी तत्पर. मी बोलून गेलो आणि त्यांनी दोन्ही हातांतल्या पिशव्या पायरीवर ठेवल्या.

"कारण सांगायचं नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही. कारण सांगितलं की तू याचक झालास. नुसती मागणी ठेवलीस की तू बरोबरीचा माणूस. मी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय. बायको आजारी, आई आजारी, म्हैस आजारी, सगळं ऐकलंय. कारण ऐकलं की आम्ही मनातल्या मनात निम्मं कापायचो."

"पण काका, खरंच ऑपरेशन आहे."

"खरी कारणंच लवकर कापली जातात. खोटी लोक जास्त चांगली सांगतात."

शेजारच्या फ्लॅटमधला विमा एजंट कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आला होता, तो थांबला. त्याने काकांना दुजोरा दिला आणि बायकोच्या गुडघ्याचा विमा आहे का, हे जाता जाता विचारून घेतलं. दोन अनुभवी माणसं एकमताने सांगत असताना केवळ बायकोचं म्हणणं बरोबर आहे म्हणून ते ऐकणं मला योग्य वाटेना.

मग कलमकाकांच्या जेवणाच्या टेबलावर माझी तालीम सुरू झाली. ते कंपनी व्हायचे, मी मीच व्हायचो. काकू मधूनमधून येऊन कंपनीला औषधाची गोळी देऊन जायच्या. मी रोज हरायचो. एका संध्याकाळी तर बोलता बोलता मी माझे रविवारसुद्धा कंपनीला देऊन बसलो, आणि काकांनी ते घेतलेही. शेवटी त्यांनी हात टेकले. "तुला एकच वाक्य देतो. समोरून जे काही येईल, त्यावर तू म्हणायचं, 'हे जरा कमी वाटतंय.' आणि गप्प बसायचं. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. पहिली ऑफर घेणारा माणूस आयुष्यभर पहिल्याच पायरीवर राहतो."

हे वाक्य मी आंघोळ करताना म्हटलं, आरशासमोर म्हटलं. बायकोने जेवताना विचारलं, "भाजीत मीठ कसंय?" तर मी म्हटलं, "हे जरा कमी वाटतंय." आणि गप्प बसलो. तिने मीठ वाढलं. म्हणजे वाक्य काम करत होतं.

बोलणी करायला मी नव्या कंपनीत गेलो. एचआरची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची असेल. ती मला एका काचेच्या खोलीत घेऊन गेली. तिथे खुर्च्या नव्हत्या, मोठमोठ्या गुबगुबीत पिशव्या होत्या. माझ्या वयाच्या माणसाने त्या पिशवीत बसणं म्हणजे बसणं नसून पडणंच, आणि गुडघे हनुवटीला लावून बरोबरीच्या नात्याने बोलणी करणं फार अवघड असतं. तिने पगार सांगितला, तो ठरलेलाच होता. मग हसून म्हणाली, "आणि रजेचं म्हणाल सर, तर आमच्याकडे अमर्याद पगारी रजा आहे. तुम्हाला हव्या तेव्हा, हव्या तितक्या."

मी म्हटलं, "हे जरा कमी वाटतंय."

आणि गप्प बसलो.

ती पण गप्प बसली. काचेपलीकडून एक माणूस कॉफी घेऊन जात होता, तो परत आला तरी आम्ही गप्प. माझ्या लक्षात आलं होतं हो! तोंडातून शब्द सुटताक्षणीच लक्षात आलं होतं. पण सुटलेलं वाक्य परत कसं घ्यायचं हे काकांनी शिकवलेलं नव्हतं. शेवटी ती बिचारी म्हणाली, "सर, अमर्यादपेक्षा जास्त... मला वरती विचारावं लागेल."

मी मान डोलावली. त्या पिशवीतून उठायला मला तिचा हात धरावा लागला.

घरी सांगितलं तर बायको इतकी हसली की तिला गुडघा धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "अमर्यादमध्ये तीन आठवडे बसतात. गणितात तरी बसतात. आता फोन करा, हो म्हणा आणि विषय संपवा."

मी फोन उचललाही होता. पण दारात कलमकाका उभे होते. निकाल ऐकायला आले होते. अमर्याद हा शब्द ऐकून ते आमच्या सोफ्यावर असे बसले, जणू कोणी गेल्याची बातमी कळलीय.

"फसवणूक," ते म्हणाले. "शुद्ध फसवणूक. अमर्याद म्हणजे शून्य! आकडा नाही म्हणजे हक्क नाही. उद्या तू अर्ज केलास आणि साहेब नाही म्हणाला, तर कशावर बोट ठेवशील? आकडा घे. लेखी घे."

आता माझी पंचाईत अशी, की यात मला तथ्य वाटलं. बायको म्हणाली, "अहो, मागून तर बघा आधी." पण काकांनी तोवर माझा लॅपटॉप उघडला होता. पत्र त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'अमर्याद रजेचे आपले धोरण अस्पष्ट असून मला निश्चित संख्येची पगारी रजा लेखी स्वरूपात मिळावी, ही विनंती,' असं मी लिहिलं. काकांनी त्यातला 'विनंती' हा शब्द खोडून 'अपेक्षा' केला.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मुलीचा फोन आला. "सर, म्हणजे तुम्हाला आमच्या अमर्यादपेक्षा कमी रजा हवी आहे?"

"निश्चित हवी आहे."

"पण ती कमी असेल, सर."

"पण निश्चित असेल," मी म्हटलं. माझ्या शेजारी बसून काकांनी मूठ वर केली.

मग गाडं अडलं ते संगणकात. त्यांच्या प्रणालीत रजेच्या रकान्यात आकडा टाकायला जागाच नव्हती. तिथे अनंताचं चिन्ह, म्हणजे आडवा पडलेला आठ होता आणि तो कोणालाच उठवता येत नव्हता. आयटीवाल्यांनी सांगितलं, एका माणसासाठी रकाना बदलता येणार नाही, बदलायचा तर सगळ्यांसाठी. वकिलांनी सांगितलं, एकाला निश्चित आणि बाकीच्यांना अमर्याद म्हणजे भेदभाव होईल, फक्त तो कोणावर होतोय हे सांगणं कठीण आहे. मग एक समिती बसली. आजवर आमच्या सोसायटीत माझ्या पत्रावरून साधा नळ बदलला गेला नव्हता, आणि इथे मी रुजू व्हायच्या आधीच एक समिती बसली होती. मला आतून बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या मुलीचे फोन येत राहिले. दर फोनला तिचा आवाज थोडा म्हातारा होत होता. एकदा तिने अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "सर, तुम्हाला नक्की कशासाठी हवी आहे रजा? काही अडचण असेल तर सांगा ना. आपण काहीतरी करू."

काय गोड मुलगी होती! 'बायकोचं ऑपरेशन' हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण फोन स्पीकरवर होता, आणि काका माझ्याकडे असे पाहत होते की मी म्हटलं, "कारण वैयक्तिक आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काठी टेकत आत गेली. काठी टेकल्याचा तो आवाज मला आवडला नाही, पण बोलणी रंगात आली होती.

शेवटी निकाल लागला. "अभिनंदन सर," ती मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिनंदन कुठेच नव्हतं. "वर्षाला चोवीस दिवस. पहिल्या दिवसापासून. त्या त्या वर्षी घेतले नाहीत तर बुडतील. आणि हे आता सगळ्या कंपनीला लागू आहे. अमर्याद रजा बंद."

काकांनी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं. बायको म्हणाली, "अनंतावरून चोवीसवर आणलंत त्यांना. आता बाजारात तुम्हीच जात जा."

रुजू झालो त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता. सांगायचं कारण एवढंच, की त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. विभागात दहा-बारा माणसं होती आणि सगळ्यांना एकाच वेळी संगणकाच्या पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं. पुस्तिकेतली चित्रं काढणारा एक दाढीवाला चित्रकार होता, त्यानेच काय ती मान वर केली. "तुम्हीच का ते आकडेवाले?"

मी हो म्हटलं.

"आमच्याकडे अमर्याद रजा होती," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यापर्यंत." आणि पुन्हा ड्रममध्ये मोजे कसे टाकावेत त्याचं चित्र काढू लागला.

मला दिलेली खुर्ची दर थोड्या वेळाने आपोआप खाली बसायची. मी सर्वांशी बोलायला जायचो तेव्हा उभा असायचो, म्हणून एवढं जाणवायचं नाही. पण विभागप्रमुख माझ्या टेबलाशी आले की बोलता बोलता मी हळूहळू टेबलाखाली जात असे. विभागप्रमुख सज्जन होते. कंपनी सुरू झाल्यापासून त्यांनी एकही रजा घेतलेली नाही, असं मला सगळ्यांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. तेवढ्यापुरतेच लोक माझ्याशी बोलले.

रजेचा अर्ज मी पहिल्याच दिवशी टाकणार होतो. काकांनी अडवलं. "रुजू झाला नाहीस तोच रजा? अब्रू काय राहील? हक्क तुझ्या खिशात आहे, आता घाई कशाला?" बायकोने विचारलं, "अर्ज केलात?" मी म्हटलं, "रजा खिशात आहे." तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. तेवढंच.

दुसऱ्या आठवड्यात चित्रकार माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, आता भांडणार. तो म्हणाला, "एक सांगू? अमर्याद होती ना, तेव्हा मी चार वर्षांत एकदाही घेतली नाही. किती घ्यायची तेच कळायचं नाही. दोन दिवस मागितले तरी वाटायचं, आपण लुटतोय. बाकी कोणी घेत नव्हतं, मग आपण कसे घेणार? आता पडद्यावर कोपऱ्यात चोवीस दिसतात. माझे आहेत, बुडणार आहेत. पुढच्या आठवड्यात चाललो मी, मुलीला समुद्र दाखवायला." आणि त्याने माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला.

मग रजेची साथच आली. भाषांतर करणाऱ्या बाई गेल्या. छपाई बघणारा गेला. जो तो जाताना माझ्याकडे येऊन हात मिळवायचा. कोणीतरी माझी खुर्ची बदलून दिली. पन्नाशीच्या घरातला माणूस एकाएकी लोकप्रिय झाला की तो जरा बिघडतोच. मी दुपारी कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहून निश्चित रजेच्या तत्त्वावर थोडं बोलू लागलो. विभागप्रमुखांनी मला आत बोलावलं. त्यांच्या डोक्यावर टोपी होती. कुठल्याशा डोंगरातल्या तळ्यावर मासे पकडायला ते निघाले होते. "बावीस वर्षांनी," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी सारखी केली. "तुम्ही आहात ना इथे, मग मला काळजी नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा क्षणी माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत जा, सर."

सगळ्यात शेवटी एचआरची मुलगी आली. पाठीवर सॅक होती. "थँक यू सर, आईकडे चाललेय. तुमच्यामुळे." ती इतकी आनंदात होती की माझ्या तोंडून शुभेच्छांशिवाय काही निघेना. लिफ्टचं दार बंद झालं. मी मागे वळलो. सगळ्या मजल्यावर टेबलं होती, विझलेले पडदे होते आणि मी होतो. ऑपरेशन परवा होतं.

मी धावत जागेवर आलो आणि अर्ज टाकला. तीन आठवडे. कारण: वैयक्तिक. बटण दाबल्याबरोबर उत्तर आलं: 'आपले विभागप्रमुख रजेवर आहेत. अर्ज उपप्रमुखांकडे पाठवला आहे.' उपप्रमुख रजेवर होते. अर्ज एचआरकडे गेला. एचआर आईकडे गेली होती. तिथून तो त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेला, ते कुठे गेले होते देव जाणे. त्या अर्जाने दुपारभर कंपनीतल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या पालथ्या घातल्या. मी पडद्यासमोर बसून होतो. संध्याकाळी टिंग वाजलं आणि माझ्यासमोर एक निळी चौकट आली. 'या मजल्यावर हजर असलेले सर्वात वरिष्ठ कर्मचारी म्हणून आपल्याकडे एक रजेचा अर्ज निर्णयासाठी आला आहे.'

मी अर्ज उघडला. माझाच होता.

इथे काय झालं ते मी कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही. कोणीही शहाणा माणूस 'मंजूर' दाबून घरी गेला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचा तरी अर्ज माझ्याकडे आला होता. मी खुर्चीत मागे रेललो. अर्ज वाचला. तीन आठवडे? नोकरीला लागून महिना झाला नाही आणि तीन आठवडे? नव्या मशीनची पुस्तिका छपाईला जायची होती, मोजे टाकायचं चित्र अर्धं होतं, आणि सगळा मजला ओस पडलेला. मग मजला कोण सांभाळणार? आणि कारण काय, तर 'वैयक्तिक'. हे काय कारण झालं? लोक नीट लिहीत का नाहीत? मला त्या अर्जदाराचा खरोखर राग आला.

मी एक आठवडा कापला. दोन मंजूर केले. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'यापुढे रजेची पूर्वकल्पना वेळेवर द्यावी.' आणि दिवे बंद करून घरी आलो.

"मिळाली?" बायकोने विचारलं.

"मिळाली," मी म्हटलं. किती ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती हिरव्या झग्यात पलंगावर बसली होती. त्या झग्याच्या नाड्या मागे असतात आणि त्या मी बांधल्या. सुटतील म्हणून पुन्हा बांधल्या. नर्सने तिच्या डाव्या पायावर पेनाने मोठी फुली काढून ठेवली होती. बायकोचा हात गार पडला होता. शाळेतल्या पन्नास-पन्नास पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई, पण तिला भीती वाटत होती, आणि तिला वाटतेय हे बघून मला तिच्यापेक्षा जास्त वाटत होती. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "चला, तीन आठवडे तुमच्या हातचा चहा. त्यापेक्षा ऑपरेशन बरं."

"दोन," मी म्हटलं.

"काय दोन?"

"आठवडे. एक कापला त्यांनी."

तिचा चेहरा पडला. राग आला असता तर मला चालला असता. "कोणी कापला?" तिने हळू विचारलं. "काय म्हणाले? मी बोलू का त्यांच्याशी? ऑपरेशन आहे हे सांगितलंत ना?"

"अर्जात वैयक्तिक लिहिलं होतं."

"पण तोंडी? कापणारा माणूस समोर असेल ना? त्याला तरी सांगितलंत?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. मासे, समुद्र, आईकडे गेलेली मुलगी, निळी चौकट. शेवटचा भाग सांगताना माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू येईना. "त्याला माहीत होतं," मी म्हटलं. "त्याला सगळं माहीत होतं. तरी कापला."

बायको माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली, वॉर्डबॉय दारात येऊन उभा राहिला, आणि नर्स म्हणाली, "चला, घेऊन जायचंय."

"एक मिनिट," बायको तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तशा शांत आवाजात म्हणाली, "हे जे साहेब इथे बसलेत ना, त्यांना बाहेर पाठवा. आणि माझ्या नवऱ्याला आत बोलवा."

मी उठलो. बाहेर गेलो. भिंतीला टेकून फोन काढला, राहिलेल्या आठवड्याचा अर्ज केला, आणि कारणाच्या जागी लिहिलं: 'बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तिला मी हवा आहे.' अर्ज फिरून माझ्याकडे यायला वेळ लागणार होता. मी त्याची वाट पाहिली नाही. फोन बंद केला, आत आलो आणि तिचा हात धरला.